तुझ्या आजीचा सीन

गोरेगाव, रविवार

प्रिय दिग्या,

तुझ्या मेसेजांना इतके दिवस नुसते अंगठे दाखवत बसलो, त्याबद्दल काय घालायच्या त्या शिव्या घालून घे. तब्येत ठीक. शुगर गोळीवर, पाठ खुर्चीवर, पुढचं विचारू नकोस. फोन मुद्दामच केला नाही. फोनवर तू मधेच तोंड घालतोस आणि मला हे सलग सांगायचंय.

तुझ्या आजीचा सीन कापला. आमच्या नव्या सिनेमातला. मीच कापला, माझ्याच एडिटिंगच्या टाइमलाइनवर.

दिग्दर्शक पोरगा सांगलीकडचा. चहा पिताना एकदा मी त्याला तुमच्या आजीची आणि विठोबाची भांडणं सांगितली, तर पठ्ठ्याने ती थेट पटकथेतच घातली. बाई कोण केलीय ते तुला सांगत नाही, पण आजीच ती. ताम्हनात देवाला बसवते, तांब्या ओतते आणि पदराने पुसताना कान असे रगडते की पोराला शाळेत धाडायचंय. तोंड चालूच. ‘बस गप. येवढं झालं तरी तोंडातनं सबूद न्हाई तुझ्या. खायाला मातर येळेवर लागतं.’ मग बोटाने साखर त्याच्या ओठाला दाबते आणि तेच बोट स्वतः चाटते. पाऊण मिनिटाचा एकच शॉट. बोट चाटणं कागदावर नव्हतं, ते बाईंनी आपसूक केलं. रात्री एडिटला बसलो होतो, मला तुमच्या माजघराचा वास आला, खोटं सांगत नाही.

निर्मात्याने फायनल कट पाहिला. माणूस वाईट नाही, हे आधीच सांगतो, नाहीतर तू लगेच त्याला खलनायक करशील. तो त्या सीनला हसला, डोळे पुसले, आणि दिवे लागल्यावर म्हणाला, ‘एवढं तेवढं काढून टाका.’ का? तर सेन्सॉर बोर्ड अडवेल. मी म्हटलं, अडवू दे की, अजून पाठवलंय कुठे? तर म्हणे, ‘बोर्ड हो म्हणेल हो. बाहेरचे?’

इथे मी माझं सगळं ज्ञान पाजळलं. 1989 सालचा सुप्रीम कोर्टाचा रंगराजन खटल्यातला निकाल सांगितला. सर्टिफिकेट मिळालेला सिनेमा कुणी दंगा करील म्हणून सरकारला थांबवता येत नाही, संरक्षण देणं हे सरकारचंच काम. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘सुप्रीम कोर्ट माझ्या थिएटरच्या दारात उभं राहणार का?’

काय बोलणार? 2025 च्या ऑक्टोबरातलं बघ ना. ‘मनाचे श्लोक’ नावाचा सिनेमा. बोर्डाने पास केलेला, हायकोर्टाने स्थगिती नाकारलेली. म्हणजे कायद्याच्या दोन्ही परीक्षा उत्तीर्ण. तरी नावावरून पुण्यात खेळ बंद पाडले, शेवटी सिनेमा मागे घेऊन ‘तू बोल ना’ या नावाने पुन्हा लावावा लागला. बोल ना म्हणे! आणि बोर्डानेच अडवलं असतं तर? पूर्वी दाद मागायला एक अपील ट्रिब्युनल होतं. 2021 मध्ये तेही गुंडाळलं. आता थेट हायकोर्ट. आमच्या निर्मात्याचं पब्लिसिटीचं बजेट आणि बऱ्या वकिलाची फी एकमेकांशेजारी ठेवली तर बजेटच लाजेल. त्यात पैसा व्याजाचा, तारीख ठरलेली, शो मिळालेले. एक शुक्रवार हुकला की मराठी सिनेमाला दुसरा शुक्रवार कोण देतं?

म्हणून कापला. पण मी तुला लिहितोय ते यासाठी नाही. तिने निरांजन लावलं, तिथे कट, आणि थेट सकाळची एसटी फाट्यावर येते. जोड दिसत नाही, दिग्या. शोधून दिसत नाही. उलट मध्यंतराआधीचा भाग जरा रेंगाळत होता तो पळायला लागला. दिग्दर्शक पोरगा गप्प होता, तोही अर्ध्या तासाने म्हणाला, ‘सर, बरं वाटतंय की.’ आणि मलाही बरं वाटलं. रात्री झोप लागली नाही.

आता तू ओठ मुडपून हसशील, मला माहितेय. शाहू स्मारकच्या पायरीवर तू माझ्याशी किती भांडला होतास यावरून! तुझं आपलं एकच, कात्री नसती तर आपल्याकडच्या लोकांना सूचक काही सुचलंच नसतं, चुंबनाऐवजी दोन फुलं एकमेकांवर आपटण्यापासून पुढे सगळी कला सेन्सॉरचीच देणगी. मी तुला सरकारी जावई म्हटलं, तू माझ्या बाकरवड्या संपवल्यास आणि पंधरा दिवस आपण रंकाळ्यावर दोन टोकांना बसत होतो. (बाकरवड्यांचे पैसे अजून येणं आहेत.) तर अजूनही तुझं खरं नाही, आणि का ते मला आता नीट सांगता येतं. फुलं आपटली तरी त्यामागे काहीतरी लपलेलं होतं, आणि लपवलंय हे पिटातल्या पोरालाही कळत होतं. आमच्या सिनेमात आता काय लपलंय? काही नाही. एक म्हातारी निरांजन लावते. भाविक, गोड, कॅलेंडरवर छापावी अशी. तुझी आजी गोड होती का रे?

प्रभात फिल्म कंपनीचं आठव. आपल्या कोल्हापुरातच शांतारामबापूंनी ‘स्वराज्याचं तोरण’ केला, स्वतः शिवाजी झाले. इंग्रजाला नाव खुपलं, तर ‘उदयकाल’ झाला. पुण्याला गेल्यावर 1935 मध्ये एकनाथांवर ‘महात्मा’ काढला, नावात गांधी दिसले, झाला ‘धर्मात्मा’. तुझे आजोबा हे सांगताना कसे खूश व्हायचे, जणू पाटी त्यांनीच रंगवली होती! खूश, कारण कुणी अडवलं, कशाला अडवलं, सगळं गावाला ठाऊक. ‘सखाराम बाईंडर’ नाटकाच्या वेळीही तसंच. काय काय गाळा ते नाटकं तपासणाऱ्या परिनिरीक्षण मंडळाने सांगितलं, म्हणून दिग्दर्शक कमलाकर सारंगांना कोर्टात जाता आलं आणि जिंकताही आलं. माझ्याकडे काय आहे? माझ्याकडे ‘फायनल_नवीन_2’ नावाची फाइल आहे. कुणाविरुद्ध कोर्टात जाऊ? बोर्डाने आजीला पाहिलंच नाही. बाहेरच्यांनी तर नाहीच नाही. ज्यांच्या भावना दुखावणार होत्या त्यांना बिचाऱ्यांना पत्ताही नाही.

आणि भावना कुणाच्या, हेही जरा बघ. जनाबाईने ‘अरे विठ्या विठ्या, मूळ मायेच्या कारट्या’ म्हटलं, ते सातशे वर्षं लोक टाळ वाजवत म्हणताहेत. मी निर्मात्याला तेही सांगितलं. त्याचं उत्तर तयार: ‘जनाबाई संत होत्या. ही बाई कोण?’

हे उत्तर डोक्यातून जात नाहीये.

सर्टिफिकेट आलं. ‘यू’. एकही काटछाट नाही. निर्मात्याने पेढे वाटले, ‘बघा, बोर्डाने बोटसुद्धा लावलं नाही!’ आता म्हणे यूएचेही भाग झालेत, सात, तेरा आणि सोळा वर्षांवरचे. आपल्या वेळी हे असतं तर डोअरकीपरने तुला अजून बाहेरच ठेवलं असतं, मिशी काजळाची होती ते त्यालाही कळलं होतं. असो. पुढच्या सिनेमाची पटकथा त्या पोराने पाठवलीय. चांगली आहे. वाचताना मी एका पानाच्या कडेला पेन्सिलीने ‘गरज आहे का?’ असं लिहिलं. त्यात गावची जत्रा होती आणि बोकड होता. अजून खोडलेलं नाही. पेन्सिलीचंही आणि बोकडाचंही.

बाकी, धाकटीचं कॉलेज ठरलं का? बंगळुरातच ठेव, इकडे खोलीभाडं ऐकूनच चक्कर येते. वहिनींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं की पुढे ढकललं? तू नोकरी सोडणार होतास त्याचं काय झालं, का ते दरवर्षीचंच? नीट लिही, अंगठा नको.

आता खरं काम. दिवाळीत मी घरी गेलो होतो तेव्हा काकूंना सांगून बसलो की आजी सिनेमात येणार. त्यांनी ते अख्ख्या गल्लीला सांगितलंय. पहिल्या दिवशीच्या तीनच्या शोला बायका जाणार आहेत, तुझ्या आत्याला इचलकरंजीहून बोलावलंय, वर मला फोन करून विचारलं, ‘साखर चाटते ते घेतलंय न्हवं?’ मी म्हटलं, रेंज नाहीये काकू. तू त्यांचा मुलगा, तू सांग. किंवा सांगू नकोस आणि त्या दिवशी कोल्हापूरला ये. त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर मी एकटा बसणार नाही.

जुना कट मी ठेवलाय. हार्डडिस्क घेऊन येतो.

तुझा,
सत्या