डावा बूट

प्रिय बंड्या,

सहा महिने पत्र नाही. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. माझं बीपी गोळीवर ठीक, आई बरी.

छकुलीबद्दल लिहायचंय. एकोणीस महिन्यांची झाली, आमच्याकडे तात्पुरती सांभाळायला येऊन चार. चालते, पण डावीकडे झुकत, आणि डाव्या बुटाचं टोक घासून पांढरं पडलंय. सगळे म्हणाले, नवं चालणारं पोर असंच डुलतं. मीही तेच धरून बसलो.

दवाखान्यात ती एक पाऊल टाकेना, माझ्या गळ्यालाच चिकटली. शेवटी मागून काढलेला मोबाईलवरचा व्हिडिओ दाखवला. डॉक्टरीणबाईंनी तो तीनदा पाहिला. मग तिला उताणी झोपवून गुडघे दुमडले, तर डावा गुडघा खाली! म्हणाल्या, "लंगोट बदलताना हा पाय बाहेर कमी उघडतो का?" बंड्या, नव्हताच उघडत रे. मीच रोज बदलत होतो आणि पोर हट्ट करतंय असं समजत होतो.

एक्स-रेत दिसलं, मांडीच्या हाडाचा गोळा खुब्याच्या खोबणीत नाहीच. दुखत नाही, म्हणून कळत नाही. पहिल्या सहा महिन्यांत सापडतं तर बहुधा पाय फाकवून धरणाऱ्या पट्ट्यांवर भागलं असतं. आता भूल, बहुतेक ऑपरेशन, मग कमरेपासून खाली प्लास्टर. "पायाळू होती का? घरात कुणाला होतं?" माझ्याकडे उत्तरच नाही. तिच्या फाइलीत जन्मतारीख आणि वजन, बस. आणि भूल द्यायला माझी सही चालत नाही. ज्यांची चालते त्यांच्या टेबलावर कागद पडलाय. रोज फोन करतो.

तुझ्या बदलीचं कळलं. वहिनी तयार आहेत ना? सामान हलवताना माझी कॅरमची सोंगटी सापडेल, ती तूच चोरलीस.

जिन्यावरचं भांडण आठवतं? मी तुला उचलायला गेलो आणि तू पायाला आधार देणाऱ्या त्या लोखंडी कॅलिपरसकट लाथ घातलीस. "उचलू नकोस, नुसता मागे उभा राहा." तीन आठवडे बोलला नाहीस. आता छकुली पडली की माझे हात पुढे जातात, आणि तुझा आवाज येतो. थांबतो. ती उठते, मागे वळून मी आहे का बघते.

प्लास्टर निघेपर्यंत ती आमच्याकडेच राहील का, कुणी सांगत नाही. मध्येच दुसऱ्या घरी पाठवली तर ती वळून कुणाकडे बघेल? रात्री हेच डोक्यात.

तू प्लास्टरमध्ये होतास तेव्हा रात्री काय हवं असायचं? कुणी जवळ बसलेलं, की दिवा, की नुसता आवाज? तेवढं लगेच लिही.

तुझा,
दादू