गर्भपिशवी काढायच्या आधी एक थेंब तपासू या

सप्रेम नमस्कार.

दसरा झाला की गावातल्या ऊसतोडीच्या टोळ्या हलतील. ट्रॉलीत भांडीकुंडी, शेळ्या, लेकरं चढतील आणि पुढचे पाच-सहा महिने आपल्या बायका उसाच्या फडाकडेच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, राहतील. अंघोळीला आडोसा नाही, पाणी पुरत नाही, आजारपणात खाडा झाला तर दंड वेगळा. म्हणून त्या निघायच्या आत गावातच दोन दिवसांची तपासणी ठेवायचं आपल्या महिला मंडळानं ठरवलं आहे. त्यासाठी हे मागणं.

माझ्या थोरल्या जाऊबाईंची गोष्ट त्यांच्याच परवानगीनं लिहिते. दोन हंगाम त्यांच्या अंगावरून पिवळट-हिरवं, फेसाळ, वास मारणारं जात होतं. लघवीला आग, आणि खाज इतकी की रात्री उठून बसायच्या. शहरातल्या एका खासगी दवाखान्यात सांगितलं, "पिशवी खराब झाली, काढून टाका, नाहीतर पुढं कॅन्सर." वय तेहतीस. टोळीच्या मुकादमाकडून जादा उचल (आगाऊ पैसे) घ्यायचंही ठरलं होतं. उपकेंद्रातल्या नर्सबाई आडव्या आल्या आणि त्यांना सरकारी दवाखान्यात घेऊन गेल्या. तिथल्या डॉक्टरबाईंनी एक थेंब काचपट्टीवर घेतला आणि जाऊबाईंनाच मायक्रोस्कोपला डोळा लावायला सांगितलं. नासपतीच्या आकाराचे बारीक जीव, शेपटीसारखे धागे मारत, झटके देत पळत होते. "हे तुमचं दुखणं. पिशवीचा काही दोष नाही." जाऊबाईंना मेट्रोनिडाझोलच्या गोळ्या सात दिवस दिल्या, भाऊजींनाही बोलावून त्यांच्या गोळ्या दिल्या. पिशवी आजही जागेवर आहे.

या आजाराला ट्रायकोमोनियासिस म्हणतात. हा एकपेशीय परजीवी आहे आणि तो शरीरसंबंधातून जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० या एका वर्षात जगात १५ कोटी ६० लाख जणांना त्याची नव्यानं लागण झाली. लागण झालेल्यांपैकी बहुतेकांना काहीच जाणवत नाही, पुरुषांना तर फारच क्वचित जाणवतं. महिनोन्महिने, कधी त्याहून जास्त काळ तो गुपचूप अंगात राहतो. त्यामुळे कुणाकडून कुणाला, कधी आला, हे सांगता येत नाही. त्यावरून बाईच्या चारित्र्यावर बोट ठेवणाऱ्यांना हात जोडून विनंती: हे थांबवा. त्या भीतीनंच बायका दुखणं अंगावर काढतात. आणि अंगावर काढलं तर एचआयव्ही लागण्याचा धोका वाढतो, गरोदरपणी बाळ दिवसांआधी किंवा कमी वजनाचं होऊ शकतं.

१९८९ साली डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी गडचिरोलीच्या दोन गावांतला अभ्यास प्रसिद्ध केला. ६५० बायकांपैकी ९२ टक्के जणींना एक ना एक स्त्रीरोग होता, आणि त्याआधी आतून तपासणी झाली होती फक्त ८ टक्क्यांची. त्यानंतर तीस वर्षांनी, २०१९ मध्ये, आपल्या बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली. त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. सगळीच ऑपरेशनं विनाकारण झाली असं आम्ही म्हणत नाही. पण पांढरं जातं एवढ्यावरून किती पोटं फाडली गेली, हे आपल्या वस्तीवर घरोघर ठाऊक आहे.

गोळ्यांसाठी आम्ही पैसे मागत नाही, सरकारी दवाखान्यातल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये (अशा आजारांच्या विभागात) त्या फुकट मिळतात. आम्हाला हवा आहे मायक्रोस्कोप. कुणा कॉलेजात, लॅबमध्ये वापरातून गेलेला पण चालू असेल तरी चालेल. थेंब काढल्यावर हा जीव पाच-दहा मिनिटांत मंदावतो आणि हलला नाही की ओळखू येत नाही. जीपनं तालुक्याला नमुना पाठवून उपयोग नाही, बघायचं ते इथंच. (तरीही काही जणींचा तो नजरेतून सुटतो. म्हणून तक्रार असेल तर डॉक्टर भिंगात काही दिसलं नाही तरी उपचार ठरवतील.) शिवाय काचपट्ट्या, हातमोजे, तपासणीचं टेबल, दोन जाड पडदे, आणि दोन दिवस देईल अशी एक डॉक्टरबाई. पैशांची मदत ५१ रुपयांचीही चालेल, पावती मिळेल.

आणि गडीमाणसांकडे एक मागणं आहे. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर, म्हणजे नवरा-बायको दोघांवर. या गोळ्याही कोयत्यावरच घ्यायच्या. एकट्या बाईनं घेतल्या तर दुखणं पुन्हा तिच्याकडंच येतं. दोघांचा कोर्स पुरा होऊन तक्रार जाईपर्यंत संबंध टाळायचे, आणि तीन महिन्यांनी बाईनं पुन्हा तपासून घ्यायचं. त्या वेळी टोळी फडावर असेल, म्हणून प्रत्येकीजवळ चिठ्ठी देऊ, ती तिथल्या सरकारी दवाखान्यात दाखवायची. तरुण मंडळाच्या चार पोरांनी पुरुषांशी बोलायची जबाबदारी घ्यावी, आमच्याच्यानं ते होत नाही.

चिठ्ठीवर नाव नसेल, नुसता नंबर. तपासणी शाळेच्या मागच्या खोलीत, घटस्थापनेआधीच्या शनिवारी-रविवारी. वस्तू आणि वर्गणी बाजाराच्या दिवशी मंडळाच्या खोलीवर आणून द्यावी, संध्याकाळी सातपर्यंत कुणीतरी असतं.

आपली,
चिटणीस, महिला मंडळ