सायकलच्या खोक्यात ठेवलेलं पत्र

प्रिय माऊ,

अनेक आशीर्वाद.

स्पर्धेसाठी म्हैसूरला पोचून सायकलचं खोकं उघडशील तेव्हा हँडलच्या फोमखाली हे पत्र सापडेल. फोनवर बोलायला घेतलं की तुझी आई मधेच "जेवलीस का" विचारते आणि माझं सांगायचं राहून जातं. उद्या मिरज स्टेशनवर तर गाडी सुटेपर्यंत आपण दोघं खोकं कुठे ठेवायचं यातच असू. म्हणून रात्री बसून लिहिलंय.

आधी सायकलचं. पेडल्स निळ्या पिशवीत आहेत, त्यांवर एल आणि आर खडूने लिहिलंय. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात हे तुला माहीत आहे, तरी घाईत माणूस चुकतो. पाना पेडलवर लावलास की वरून पुढच्या चाकाकडे फिरव, दोन्ही पेडलं त्याच दिशेने घट्ट होतात. आणि पहिले चार-पाच आटे बोटांनीच बसव, पाना नंतर लाव. आटे तिरके बसले तर क्रँक, म्हणजे पेडलची दांडी, वाया गेली, आणि तिथे दुसरी मिळायला आपला मिरजेचा बाजार नाही. मागचा डिरेलर, चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणारा, काढून जुन्या टॉवेलात गुंडाळलाय. तो फ्रेमला ज्यावर बसतो तो हँगर एक जास्तीचा सीटखालच्या पिशवीत टाकलाय, कारण रेल्वेत खोकं कोण कसं आपटेल सांगता येत नाही. जोडून झालं की मागचं चाक उचलून सगळे गिअर एकदा फिरवून बघ. हँगर जरासा जरी वाकला असेल, तरी सगळ्यात हलक्या गिअरला चेन स्पोकांत जाते. आणि कलहट्टीच्या चढाला तू त्याच गिअरवर असणार आहेस.

कलहट्टीचं नाव मी गेले दोन महिने तुझ्याच तोंडून ऐकतोय. मसिनगुडीहून उटीकडे चढणारा रस्ता, ३६ हेअरपिन वळणं, आणि वर उटी २,२४० मीटरवर. लोणावळा जेमतेम सव्वासहाशे मीटरवर आहे, म्हणजे आपला बोरघाट त्यापुढे लहानच. तुझी ही स्पर्धा, टूर ऑफ नीलगिरीज, २००८ साली सुरू झाली तेव्हा तू चौथीत होतीस, आणि आता स्पर्धक गटात तुझं नाव आहे. नाशिकच्या महाजन बंधूंनी २०१५ साली अमेरिका आडवी पार करणारी शर्यत दोघांच्या संघातून पूर्ण केली, २०१७ साली नागपूरच्या डॉ. अमित समर्थांनी ती एकट्याने केली. ती कात्रणं तुझ्या कपाटाच्या दाराला अजून चिकटवलेली आहेत. काल मी त्यांच्यावरची धूळ पुसली.

आठ दिवसांची स्पर्धा म्हणजे एका दिवसाची शर्यत आठ वेळा, असं समजू नकोस. एका दिवसाच्या शर्यतीत अंगात असेल नसेल तेवढं ओतलं तरी चालतं, दुसऱ्या दिवशी लोळत पडता येतं. इथे दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा सीटवर बसायचंय. वेळ मोजतात तो ठरावीक टप्प्यांचा, आणि सगळ्या दिवसांचा मिळून. पहिल्या दिवशी सपाट रस्त्यावर पुढच्या घोळक्यामागे जीव काढून वीस सेकंदं कमावशील, आणि कलहट्टीला त्याची दहा मिनिटं मोजून देशील. सपाटीला दुसऱ्याच्या मागे राहा, वारा त्याला लागू दे. फक्त तुझं पुढचं चाक त्याच्या मागच्या चाकाच्या बाजूला कधी येऊ देऊ नकोस. तो जरा सरकला तर तू पडणार, तो नाही.

आणि खात राहा. हे मी तुला लहानपणापासून सांगत आलोय, पण का सांगतो ते कधी सांगितलं नाही. ते आज सांगतो.

बैठकीच्या खोलीत माझा फोटो आहे, छातीवर नंबरचं कापड, हातात पोलादी सायकल. "बाबा मुंबई-पुणे शर्यत धावले" असं आपल्या घरात सगळे म्हणतात, तूही शाळेत निबंधात लिहिलं होतंस. माऊ, मी ती शर्यत पूर्ण केलेली नाही.

बावीस वर्षांचा होतो. सायकल मित्राची, उसनी, गिअर नसलेली. मुंबईपासून खोपोलीपर्यंत पुढच्यांच्या मागे लागलो, कारण मागे पडायची लाज वाटत होती. खिशात आईने बांधून दिलेली गूळ-शेंगदाण्याची पुरचुंडी होती. ती सोडायला हँडलवरून एक हात काढावा लागला असता, आणि तेवढ्यात पुढचे निघून जातील अशी भीती. भूक लागलीच नव्हती, म्हणून खाल्लं नाही. बोरघाटात शिंग्रोबाच्या देवळाच्या अलीकडे पाय एकदम हलके झाले, मग हातांना कापरं भरलं, आणि समोरचा रस्ता पांढरा दिसायला लागला. सायकलवरून उतरलो ते देवळाच्या पायरीवर बसलो. शिंग्रोबा नावाच्या धनगराने इंग्रज साहेबाला घाटाची वाट दाखवली म्हणतात, येणारेजाणारे अजून तिथे नाणं टाकतात. मी नाणं टाकलं नाही, माझ्याजवळ नव्हतंच. पुरचुंडी उघडली तेव्हा गूळ घामाने विरघळून कापडाला चिकटला होता. तो मी दातांनी ओरबाडून खाल्ला. पण तोवर वेळ गेली होती. मागून येणाऱ्या टेम्पोत सायकल टाकली आणि पुण्यात उतरलो.

घरी आलो तर आजोबा दारात उभे. "पोचलास?" म्हणाले. मी "हो" म्हटलं. पुण्याला पोचलोच होतो. पुढे त्यांनीच फोटोला चौकट करून आणली, आणि मग मला ते सांगता आलं नाही. ते गेले तरी सांगितलं नाही.

तुला आज सांगतोय कारण सहाव्या-सातव्या दिवशी गुडघा धरला, ताप आला, डोकं गरगरायला लागलं, तर भिंतीवरच्या त्या फोटोसाठी तू पेडल मारत राहू नयेस. त्या फोटोतल्या पोराला कुणी "थांब" म्हणालं असतं तर तो थांबला नसता. तू थांब. त्या दिवशी स्पर्धेच्या सोबतच्या गाडीत बस, दुसऱ्या दिवशी बरं वाटलं तर पुन्हा निघ. आणि घरी आल्यावर जे झालं ते तसंच सांग. मी दारात उभा असेन, पण "पोचलीस का" असं विचारणार नाही.

तर खाण्याचं. जोरात चालवताना अंगात साठवलेली साखर दीड-दोन तासांत संपते, आणि भूक लागल्याचं कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. अर्ध्या तासाला घड्याळ बघायचं आणि काहीतरी तोंडात टाकायचं. आईने राजगिऱ्याची चिक्की एका घासाएवढी कापून बटरपेपरात गुंडाळलीय, एका हाताने उघडते, मी करून बघितलंय. खजुराच्या बिया काढल्यात. केळी तिथे मिळतील. पाण्यात मीठ-साखर-लिंबू, थंडी असली तरी. थंडीत तहान कळत नाही, घाम मात्र जातोच.

उतारांची मला चढापेक्षा जास्त काळजी आहे. तू आंबोलीला चढतेस छान, पण उतरताना ब्रेक धरून ठेवतेस. सतत धरून ठेवलेला ब्रेक तापतो. वळणाच्या आधी सरळ रस्त्यावर दाबून वेग कमी कर आणि वळणात सोड. बाहेरच्या बाजूचं पेडल खाली, सगळा भार त्याच्यावर. नजर खड्ड्यावर नको, जिथे जायचंय तिथे. चाक नजरेमागे जातं. माथ्यावर पोचलीस की उतरायला सुरुवात करण्याआधी जर्सीच्या आत छातीवर वर्तमानपत्राचं पान घाल. घामाने भिजलेल्या अंगावर उटीचा डिसेंबरचा वारा लागला तर बोटं आखडतात आणि ब्रेक दाबता येत नाही. पिशवीत सकाळचे दोन पेपर घडी करून ठेवलेत.

बंदीपूर-मुदुमलाईच्या जंगलात पंक्चर झालं तरी एकटी रस्त्यात बसू नकोस, सोबतच्या गाडीची वाट बघ किंवा कुणाला तरी बरोबर थांबव. हत्ती दिसला तर फोटोसाठी थांबायचं नाही. हे मी आजीला सांगितलेलं नाही, तूही फोनवर हत्तीचं नाव काढू नकोस.

आई म्हणते लिही, शॉर्ट्स रोज रात्री साबणाने धुऊन वाळव, ओली चढवू नकोस, आणि मलम निळ्या डबीत आहे. पुढचं ती तुला स्वतः सांगेल.

फ्रेमच्या मागच्या नळीला दोन स्पोक टेपने चिकटवलेत. तुझ्या मागच्या चाकाच्या मापाचे आहेत, उजव्या बाजूचे. मी मोजून कापून घेतलेत.

फोटो अजून भिंतीवरच आहे. आईला काल रात्री सगळं सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "गुळाची पुरचुंडी सासूबाईंनी दिली होती ना?" आणि उठून चिक्की कापायला बसली.

सायकल जोडून झाली की फोन कर. गिअर नीट पडतात का, एवढंच सांग.

तुझा,
बाबा