रक्तालाच देव मानणारे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला नाझी वंशवादावरचा लेख वाचला आणि राहवले नाही. विज्ञान नास्तिकांच्या हाती गेले म्हणून ते सारे घडले, हे लेखकाचे तात्पर्य मला मुळीच मान्य नाही. नाझी सरकारचा नोव्हेंबर 1935चा आदेश त्यांनी एकदा वाचावा. ज्यू कोण हे ठरवायला तिथे कवटीचे माप नाही की रक्ताची तपासणी नाही. चार आजी-आजोबांपैकी तिघे ज्यू धर्मसमाजाचे असले की नातू ज्यू. म्हणजे वंशाचा पुरावा शोधायचा तो धर्माच्या नोंदवह्यांत!

गेल्या वर्षी आमच्या गावच्या व्याख्यानमालेतही एका वक्त्यांनी लेखकाचेच म्हणणे मांडले. मी या नोंदवह्यांबद्दल चिठ्ठी पाठवली. अध्यक्षांनी ती वाचली, घडी करून खिशात घातली आणि आभारप्रदर्शन सुरू झाले. बाहेर गाठून विचारले तर म्हणाले, "सर, लोक दमूनभागून येतात, एवढ्या खोलात कशाला जायचं?" मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. नववीतली मुलेसुद्धा हा प्रश्न विचारत आणि उत्तर मिळेपर्यंत गप्प बसत नसत. मोठ्यांना तो झेपणार नाही, हे कोणी ठरवले?

हा वंशवाद विज्ञान नव्हे, धर्मच कसा होता ते पाहा. व्हिएन्नाचा लान्झ फॉन लीबेनफेल्स हा सिस्टर्शियन या कॅथलिक संघाचा, मठ सोडलेला साधू. 1905 साली त्याने मांडले की आर्य हे मूळचे देवतुल्य. पशुमानवांशी संकर झाल्याने त्यांची दिव्य शक्ती लोपली आणि शुद्ध संततीतून ती परत येईल. दिव्य अंश, पतन, मोजक्या जाणत्यांनाच उमगलेली मुक्तीची वाट, हा साचा जुन्या ग्नॉस्टिक पंथांचा, म्हणजे गूढ ज्ञानाने मुक्ती मिळते असे मानणाऱ्यांचा. पण ते देहाला तुरुंग मानत आणि आत्म्याची सुटका मागत; लान्झसारख्यांनी रक्तालाच देव केले. लान्झचा हिटलरवर किती प्रभाव होता यावर अभ्यासकांत वाद आहे. पण आल्फ्रेड रोझेनबर्ग तर नाझी पक्षाचाच विचारवंत होता. त्याच्या 1930च्या ग्रंथात हा रक्ताचा धर्म उघड मांडला आहे; व्हॅटिकनने 1934 मध्ये तो निषिद्ध ग्रंथांच्या यादीत घातला. राजकीय तत्त्वज्ञ एरिक फोगेलिनने 1938 मध्ये अशा चळवळींना राजकीय धर्म म्हटले आणि त्याच वर्षी त्याला व्हिएन्ना सोडून पळावे लागले.

ज्यू कुटुंबात जन्मलेल्या एडिथ श्टाइनने 1922 मध्ये बाप्तिस्मा घेतला, पुढे ती कार्मेलाइट या कॅथलिक संघाची संन्यासिनी झाली. तरी 1942 मध्ये तिला आउशविट्झच्या छळछावणीत नेऊन मारले. बाप्तिस्म्याने माणूस नवा होतो असे चर्च मानते. रक्ताच्या धर्मात मात्र ज्यू म्हणून जन्मलेल्याला सुटकाच नव्हती. लेखात याबद्दल एक ओळही नसावी याचे फार वाईट वाटले.

आणखी एक. लेखासोबत आपण चार टिंबांचे, सरळ उभे स्वस्तिक छापले आहे. ते आमच्या उंबरठ्यावरचे आहे. नाझींचे तिरके, लाल झेंड्यावरच्या पांढऱ्या वर्तुळातले काळे. निदान हे चित्र तरी पुढच्या रविवारी दुरुस्त करून छापावे.

आपला,
एक निवृत्त इतिहास शिक्षक, मिरज