मुंबई-गोवा प्रवासात रेल्वेला पहिली पसंती हवी

महोदय,

सिंधुदुर्गात चिपीचा विमानतळ २०२१ मध्ये सुरू झाला, गोव्यात दाबोळीच्या जोडीला २०२३ मध्ये मोपा आला आणि आता नवी मुंबईतूनही विमाने उडू लागली आहेत. त्यामुळे एरवी रात्रीच्या कोकणकन्येने जाणारी मंडळीही तिकीट स्वस्तात मिळाले म्हणून दोन दिवसांच्या सहलीसाठी विमानाने जाऊ लागली आहेत. ज्यांना खरोखर तातडी आहे, ज्यांच्या घरी आजारपण आहे, त्यांच्याविषयी माझे काहीच म्हणणे नाही. परंतु सहाशे किलोमीटरच्या आतल्या अंतरासाठी, विजेवर धावणारी रेल्वे हाताशी असताना, केवळ हौसेने किंवा सवयीने विमानाने जाणे पर्यावरणाच्या दृष्टीने समर्थनीय नाही, असे मला वाटते.

जमिनीवरून उठून उंची गाठताना विमानाला सर्वाधिक इंधन लागते. लांबच्या प्रवासात हा खर्च हजारो किलोमीटरांवर विभागला जातो. मुंबई-गोवा प्रवासात मात्र विमान वर पोहोचते न पोहोचते तोच उतरण्याची तयारी सुरू होते, आणि म्हणून दर किलोमीटरमागे जळणारे इंधन अधिक पडते. एक किलो विमान-इंधन जळले की तीन किलोंहून अधिक कार्बन डायऑक्साइड हवेत मिसळतो. याउलट पोलादी रुळांवरून पोलादी चाके धावताना घर्षण फार कमी होते, आणि रोहा ते ठोकूर या ७४१ किलोमीटरच्या कोकण रेल्वेमार्गाचे विद्युतीकरण २०२२ मध्ये पूर्णही झाले आहे. आपली बरीचशी वीज अजून कोळशापासून तयार होते, हा आक्षेप खरा आहे. तरीही भरलेल्या गाडीत प्रत्येक प्रवाशाच्या वाट्याला येणारे उत्सर्जन विमानापेक्षा बरेच कमी असते, आणि सौर व पवन ऊर्जेचा वाटा वाढेल तसे ते आणखी घटत जाईल.

वेळ वाचतो हे तर विमानाचे मुख्य समर्थन. पण हिशेब विमानतळापासून नव्हे, घरापासून केला पाहिजे. ठाण्याच्या माणसाने वाहतूककोंडी गृहीत धरून लवकर निघायचे, तपासणीसाठी उड्डाणाच्या दोन तास आधी पोहोचायचे, आणि मोपाला उतरल्यावर मडगावसाठी पुन्हा टॅक्सी शोधायची, यात अर्धा दिवस जातोच. वंदे भारत गाडी पावसाळ्याखेरीज सुमारे आठ तासांत मुंबईहून मडगावला पोहोचते आणि वाटेत ठाणे, पनवेल, खेड, रत्नागिरी, कणकवली, थिवी येथे थांबते. कणकवलीच्या प्रवाशाला तर मोपाला उतरून मागे येण्यात काय फायदा, हे मला अद्याप उमगलेले नाही.

‘मी एकटा गेलो नाही म्हणून विमान थोडेच थांबणार आहे?’ असे अनेक जण विचारतात. ते एक विमान थांबणार नाही, हे मान्य. पण कोणत्या मार्गावर किती फेऱ्या ठेवायच्या, हे कंपन्या भरणाऱ्या आसनांवरूनच ठरवतात, आणि ती आसने आपणच भरतो.

मात्र सगळा भार प्रवाशाच्या सदसद्विवेकावर टाकणेही मला पटत नाही, कारण शासनाचे धोरण नेमके उलट्या दिशेने चालले आहे. विमानाच्या साध्या वर्गाच्या तिकिटावर आणि रेल्वेच्या वातानुकूलित तिकिटावर वस्तू व सेवा कर सारखाच, पाच टक्के आहे. ‘उडान’ योजनेतून निवडक विमानमार्गांची तूट सरकारी निधीतून भरून दिली जाते. राज्याच्या २०२३ च्या अर्थसंकल्पात मुंबई, पुणे व रायगड येथील विमान-इंधनावरचा मूल्यवर्धित कर २५ वरून १८ टक्क्यांवर आणण्यात आला. आणि रेल्वेने मार्च २०२० मध्ये थांबवलेली ज्येष्ठ नागरिकांची भाडेसवलत महासाथ सरून इतकी वर्षे झाली तरी परत आलेली नाही. फ्रान्समध्ये अडीच तासांच्या आत रेल्वेने जाता येते अशा काही देशांतर्गत विमानफेऱ्या २०२३ पासून कायद्याने बंद आहेत. मुंबई-गोवा रेल्वेप्रवास त्या मर्यादेत बसत नाही आणि तशी बंदी मी मागतही नाही. निदान विमानाला झुकते माप तरी देऊ नये.

खरी अडचण तिकिटाची आहे. रेल्वेने जायची तयारी असूनही गणपतीच्या आणि मे महिन्याच्या दिवसांत आरक्षण खुले होताच प्रतीक्षायादी लागते आणि मग माणूस नाइलाजाने विमानाकडे वळतो. याचे मूळ एकेरी मार्गात आहे. समोरून येणारी गाडी जाईपर्यंत स्थानकावर खोळंबणाऱ्या मार्गावर जादा गाड्या सोडायच्या तरी किती? रोहा ते वीर हा सुमारे ४७ किलोमीटरचा टप्पा २०२१ मध्ये दुहेरी झाला. त्यापुढचा बहुतांश मार्ग अजून एकेरीच आहे. डोंगर, बोगदे आणि दऱ्यांमुळे हे काम खर्चिक आहे, आणि महामंडळाला स्वतःच्या बळावर ते झेपत नाही, हेही उघड आहे. कोकण रेल्वे महामंडळाच्या भारतीय रेल्वेतील विलीनीकरणास महाराष्ट्र शासनाने २०२५ मध्ये संमती दिली आहे. त्या अनुषंगाने रेल्वे मंत्रालयाने वीरच्या पुढील दुहेरीकरणाचे टप्पे आणि त्यांची मुदत जाहीर करावी, आणि तोवर संसदेच्या स्थायी समितीने शिफारस केल्याप्रमाणे शयनयान व तृतीय श्रेणी वातानुकूलित डब्यांत ज्येष्ठांची सवलत पुन्हा सुरू करावी.

– एक ज्येष्ठ वाचक, ठाणे