रंगीत पेन्सिलीलाही रकाना हवा

महोदय,

गेल्या महिन्यात एका चित्रप्रदर्शनाची प्रवेशिका भरायला गेले. जलरंग, तैलरंग, ॲक्रिलिक, चारकोल असे रकाने होते, रंगीत पेन्सिलीला मात्र नव्हता. ‘ते शाळेतल्या मुलांचं काम,’ असं उत्तर मिळालं. फार वाईट वाटलं.

माझं चित्र एका पिकलेल्या हापूसचं. त्याला सव्वा महिना लागला. आधी फिकट पिवळा, त्यावर केशरी, देठाशी किंचित हिरवा, सावलीत जांभळा, असे हलक्या हाताने दिलेले पंधरा-सोळा थर. कागदाचे दाणे भरत आले की पांढऱ्या पेन्सिलीने दाबून घोटायचं, तेव्हा कुठे सालीवर तकाकी येते. रंग ताटलीत मिसळता येत नाहीत, कागदावरच एकावर एक चढवावे लागतात. आणि चूक झाली तर ती पूर्ण खोडता येत नाही.

माध्यम नवखंही नाही. जर्मनीच्या फाबर-कास्टेलने चित्रकारांसाठी पॉलिक्रोमोस पेन्सिली १९०८ मध्ये आणल्या. अमेरिकेत १९९० पासून या माध्यमाची स्वतंत्र संस्था आहे. रंग उडतात, हा आक्षेप स्वस्त पेन्सिलींबाबत खरा आहे. पण चांगल्या पेन्सिलींवर ती छटा उजेडात किती टिकेल याची खूण छापलेली असते. काही गुलाबी-जांभळ्या छटा लवकर फिक्या पडतात, त्या मी वापरतच नाही.

प्रदर्शनांच्या आयोजकांनी अर्जात हा एक रकाना वाढवावा, ही कळकळीची विनंती.

– एक कलाशिक्षिका, सातारा