मधुमेहींच्या नेत्रतपासणीत मशेरी-तंबाखूचा रकाना हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी नेत्रचिकित्सा अधिकारी आहे. मधुमेही रुग्णांच्या डोळ्यांच्या पडद्याचे फोटो काढणे हे माझे रोजचे काम. फोटोआधी जो अर्ज भरून घ्यावा लागतो, त्यात सवयींविषयी एकच प्रश्न आहे: धूम्रपान करता का? समोरची बाई ‘नाही’ म्हणते आणि ती खरेच सांगत असते. तिच्या तर्जनीचे टोक मशेरीने काळवंडलेले मला दिसते, पण ते लिहायला अर्जात जागा नाही. दाढेत बार धरून बसलेला शेतकरीही याच ‘नाही’मध्ये जातो.

ही बाब किरकोळ नाही. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातील प्रौढांपैकी ३.८ टक्के लोक धूम्रपान करणारे आढळले, तर तोंडात धरायची, चघळायची किंवा दातांना लावायची तंबाखू वापरणारे २४.४ टक्के. म्हणजे फक्त विडी-सिगारेट विचारली की आपल्याकडची बहुतेक तंबाखू कागदावरून गायब होते. असेच अर्ज पुढे तंबाखू आणि डोळ्यांच्या पडद्याचा आजार यांच्या संशोधनाला वापरले, तर तुलनेसाठी धरलेल्या ‘निर्व्यसनी’ गटात मशेरीवाल्या आणि मावा खाणारे भरलेले असणार. मग दोन गटांत फरक दिसला नाही, तर तो खरोखरच नाही की आपणच तो पुसून टाकला, हे कसे ठरवायचे?

सिगारेटचे निष्कर्ष तसेच्या तसे मशेरीला लावून हा प्रश्न सुटत नाही. ब्रिटनमधील ‘यूकेपीडीएस’ या टाइप २ मधुमेहाच्या मोठ्या अभ्यासात धूम्रपान करणाऱ्यांमध्ये रेटिनोपॅथी, म्हणजे मधुमेहाने डोळ्याच्या पडद्याला होणारा आजार, उलट कमी दिसली होती. टाइप १ मध्ये मात्र एकत्रित विश्लेषणात धोका वाढलेला दिसतो. टाइप २ मधील त्या आकड्याचा अर्थ धूर डोळ्यांना मानवतो असा कोणी काढू नये. हृदयविकाराने लवकर दगावणारे धूम्रपानी तपासणीपर्यंत पोहोचतच नाहीत, हे त्याचे एक संभाव्य कारण. स्वीडनमध्ये स्नूस नावाची तंबाखू ओठाखाली धरतात. तिचे प्रमाण फार असलेल्या पुरुषांमध्ये टाइप २ मधुमेहाचा धोका वाढल्याचे तिथल्या अभ्यासांत आढळले. पण स्नूस म्हणजे आपली चुना लावून मळलेली तंबाखू नव्हे. चुन्यामुळे निकोटीन मोकळे होऊन गालाच्या आतल्या त्वचेतून झपाट्याने रक्तात उतरते. निकोटीन रक्तदाब वाढवते, इन्सुलिनला शरीराची साथ कमी करते. आणि वाढलेली साखर व वाढलेला रक्तदाब हेच तर पडद्याच्या बारीक रक्तवाहिन्यांचे मोठे शत्रू. एवढा दुवा समोर असताना आपल्या तंबाखूचा अभ्यास आपल्याच रुग्णांवर व्हायला हवा. तो दुसरा कुठला देश करून देणार नाही.

‘आयसीएमआर-इंडियाब’ या देशव्यापी मधुमेह पाहणीच्या २०२३ मधील अंदाजानुसार देशात १०.१ कोटी मधुमेही आहेत. चाळिशीपुढच्या मधुमेहींमध्ये रेटिनोपॅथी १२.५ टक्के आणि दृष्टी धोक्यात आणणारी अवस्था ४ टक्के, असे ‘स्मार्ट इंडिया’च्या घरोघरी झालेल्या पाहणीत दिसले. हा आजार दुखत नाही, खुपत नाही. पडद्यावर सूक्ष्म फुगे आलेले असतात आणि माणूस सुईत दोरा ओवत असतो. डोळ्यांपुढे जाळे आले म्हणून तो येतो तेव्हा रक्तस्राव झालेला असतो. मग लेझर, इंजेक्शने, फेऱ्या. आणि गेलेली नजर पुष्कळदा परत येत नाही.

गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे आणि ती कडकपणे राबवली पाहिजे, यात वाद नाही. पण घरच्या तव्यावर तंबाखू भाजून केलेल्या मशेरीपर्यंत ती बंदी पोहोचत नाही. तिथे विचारणारे माणूसच लागते. गंमत नव्हे, दुःख याचे आहे की ही विचारपूस गावात आधीच होते. आशाताई तिशीपुढच्या प्रत्येकाचा जो ‘सीबॅक’ अर्ज भरतात, त्यात धूम्रपानाबरोबर गुटखा-खैनीचाही प्रश्न आहे. मी काम करते तिथे ते उत्तर नेत्र विभागापर्यंत येत नाही.

माझी मागणी साधी आहे. मधुमेहाच्या कार्डावर आणि नेत्रतपासणीच्या अर्जावर तंबाखू, मावा, खर्रा, गुटखा, मशेरी अशी नावे घेऊन विचारावे. दिवसातून किती वेळा आणि किती वर्षांपासून, हेही लिहावे. ‘व्यसन आहे का?’ असे विचारू नये, कारण मशेरीला घराघरांत दात घासणेच समजतात. संशोधन संस्थांनी आणि नीतिसमित्यांनीही धूम्रपानाचा एकटा रकाना असलेली प्रश्नावली मान्य करू नये.

आणखी एक. बाहुली मोठी करणारे थेंब घातल्यावर रुग्ण वीस-पंचवीस मिनिटे बाकावर बसून असतो. जवळचे धूसर दिसत असल्याने त्याच्या हाती पत्रक देऊन उपयोग नाही, पण त्याच्याशी बोलता येते. तोंड उघडून गालाची आतली बाजू पाहता येते. तंबाखू सोडायला तोंडाची तपासणी आणि समुपदेशन यांची मदत होते, हे अभ्यासांतून दिसले आहे. १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय मोफत क्रमांक त्याच्यासमोर तिथल्या तिथे लावून देता येतो. यासाठी नवे यंत्र नको. नेत्र विभागात एक समुपदेशक नेमावा, किंवा असंसर्गजन्य आजारांच्या कक्षातील समुपदेशकाला तपासणीच्या दिवशी आमच्या बाकापाशी बसवावे. आरोग्य विभागाने तसा आदेश काढावा, ही विनंती.

आपली,
एक नेत्रचिकित्सा अधिकारी